थांब कुणीही म्हणू शकतं

परीक्षेच्या दिवशी सकाळी सात वाजता माझे बूट बादलीत सापडले. बादली नळाखाली, नळ चालू, आणि दोन्ही बूट नाड्यांसकट तळाला बसलेले. आमच्या पिटूचं काम नेहमी पूर्ण असतं. एक बूट बुडवून दुसरा विसरणाऱ्यांतली ती नव्हे.

पिटू म्हणजे पिटुकली. जन्मली तेव्हा इतकीशी होती की नर्सने तिला एका हातावर आणून दिलं, आणि नाव पडलं ते पडलंच. आता ती पंधरा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे, आणि तीन दिवसांपासून घरी आहे. तिने वर्गात खुर्ची फेकली म्हणून शाळेने आठवडाभर येऊ नको असं सांगितलंय. खुर्ची कुणाला लागली नाही. हे वाक्य मी गेल्या चार वर्षांत वेगवेगळ्या वस्तूंबद्दल इतक्या वेळा म्हटलंय की आता ते बोलताना माझं मलाच कानकोंडं होतं.

मी टॉवर क्रेन चालवते. उंच इमारतीच्या कामावर ती पिवळी क्रेन दिसते ना, तिच्या वरच्या टोकाशी काचेची एक केबिन असते. त्या केबिनमध्ये मी अकरा वर्षं बसले. गेले तीन महिने मात्र मी जमिनीवर आहे. स्टोअरच्या खिडकीत बसून हेल्मेट आणि हातमोजे वाटते. माझं लायसन काढून घेतलंय. आज फेरपरीक्षा होती, एकच संधी. पास झाले तर पुन्हा वर, नाहीतर जन्मभर हातमोजे.

लायसन गेलं ते माझ्याच चुकीने. केबिनमध्ये फोन न्यायला बंदी आहे, आणि मी दोन वर्षं तो मोज्यात लपवून नेत होते. पिटूचा फोन यायचा. "आई, आत्ता ये. नाहीतर बघ." नाहीतर काय, ते ती कधी सांगत नसे, आणि तेच मला पुरायचं. महिन्यातून चार-पाच वेळा मी पोटात दुखतंय, चक्कर येतेय असं सांगून तीनशे पायऱ्यांची शिडी उतरले. घरी जावं तर ती सोफ्यावर लोळत असायची, नाहीतर कपाटाची काच फुटलेली असायची. घरी यायची गरज नसली तर मी वरूनच निकाल द्यायचे. बाबांनी नाही म्हटलं असेल तर हो म्हणायचे, त्यांनी हो म्हटलं असेल तर नाही. त्या दिवशी लोखंडी सळ्यांचा भारा हवेत होता आणि घोट्याशी फोन थरथरला. मी खाली बघितलं. एक क्षण, त्याहून जास्त नाही. भारा झुलला, परांचीला धडकला, आणि खाली इशारे देणाऱ्या काकांनी बाजूला उडी मारली. त्यांचं मनगट मोडलं. अर्धं पाऊल उशीर झाला असता तर मनगटावर भागलं नसतं.

काका म्हणजे आमचे सिग्नलमन. नात्याने कुणी नाहीत, पण अकरा वर्षं ज्याच्या हाताकडे बघून मी श्वास घेतला तो माणूस. मी दवाखान्यात त्यांच्यापुढे बसून रडले, फोनचं सगळं कबूल केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि प्लास्टरच्या कडेने खाजवत म्हणाले, "पोरी, तू केबिनमध्ये बसून घर चालवत होतीस. आणि ती घरी बसून क्रेन चालवत होती."

मी डोळे पुसले.

"साइटवर इशारा किती जणांनी द्यायचा?"

"एकाने."

"दोघांनी दिला तर?"

"कुणीतरी मरतं."

"आणि थांब?"

"थांब कुणीही म्हणू शकतं."

हा आमच्या धंद्याचा नियम. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, हे सगळं फक्त सिग्नलमन सांगणार. बाकी कुणी कितीही हात हलवोत, त्यांच्याकडे बघायचं नाही. पण हात आडवा करून, पंजा जमिनीकडे ठेवून 'थांब' कुणीही म्हणू शकतं. साहेब, झाडूवाली, रस्त्यावरून जाणारा माणूस, कुणीही. तो इशारा दिसला की हात लिव्हरवरून काढायचे. का, हे नंतर विचारायचं. विचारायला सिग्नलमन जातो. काय दिसलं, धोका कुणाला, एवढे दोन प्रश्न. मग तो सांगेल तेव्हाच पुढे.

"मग घरी तेच कर," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक नारिंगी जॅकेट लटकलं, साइटवरचं, चकाकत्या पट्ट्यांचं. ज्याच्या अंगात जॅकेट, त्याने पिटूशी बोलायचं. परवानगी, नकार, समजूत, दवाखान्याची वेळ, शाळेचा फोन, सगळं त्याच्याकडे. दुसऱ्याने मध्ये पडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, भुवया उडवायच्या नाहीत. त्याने जेवायचं, झोपायचं, फिरायला जायचं. रोज रात्री आठला पाळी बदलायची. थांब मात्र तिघांपैकी कुणीही म्हणू शकतं, पिटूसुद्धा. माझा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. तिळाएवढ्या स्क्रूंशी त्याचा जन्म गेलाय. त्याला ते जॅकेट मांडीपर्यंत येतं. पहिल्या दिवशी त्याला त्या अवतारात भांडी घासताना बघून पिटू म्हणाली, "घरात रस्ता खोदताय का?"

तिला इशारे नवे नव्हते. पाच वर्षांची असताना ती सिग्नलमन व्हायची आणि मी क्रेन. बोट वर करून गोल फिरवलं की मी तिला उचलायचं, बोट खाली करून फिरवलं की खाली ठेवायचं. पंजा आडवा केला की मी तिला अधांतरी धरून उभी. हात भरून यायचे, आणि ती मजेत हसत राहायची.

नियम करणं सोपं होतं. पहिल्या आठवड्यात नवऱ्याची पाळी असली की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायचे. आपलं मूल पलीकडच्या खोलीत गळा फाडून ओरडतंय आणि आपण केस धुतोय, याच्याइतकं नीच मला आयुष्यात कधी वाटलं नाही. दोनदा मी तशीच ओल्या केसांनी बाहेर आले आणि नवऱ्याला बाजूला सारून बोलले. दोन्ही वेळा पिटू एकदम शांत झाली आणि आम्ही दोघं भांडलो. तिसऱ्या आठवड्यात मात्र मी झोपले. दुपारी दोन तास, ढाराढूर. उठले तर घर जागेवर होतं.

तर आता ते बूट. मी ते उपडे केले, पाणी ओतलं, आतून फडक्याने पुसले. जाड बुटाशिवाय क्रेनवर चढू देत नाहीत आणि दुसरा जोड माझ्याकडे नव्हता. मागे पिटू येऊन उभी राहिली.

"ओले आहेत," ती म्हणाली.

मी नाड्या सोडवत राहिले. जॅकेट नवऱ्याच्या अंगात होतं.

"तू गेलीस ना, तर मी या घरात राहणार नाही. सांगून ठेवते."

माझ्या तोंडाशी दहा वाक्यं आली. तीन प्रेमाची होती, सात नव्हती. नवरा स्वयंपाकघरातून आला आणि माझ्या आणि तिच्या मध्ये उभा राहिला. "पिटू, माझ्याशी बोल. आज माझी पाळी आहे."

"मला आईशी बोलायचंय."

"आई आठनंतर."

"ती पुन्हा वर जाणार. मग तिकडेच बसणार दिवसभर." आवाज चढायला लागला होता. "तिला तिकडेच आवडतं. तिथे मी नसते ना."

हे खरं होतं, म्हणून लागलं. मला केबिन आवडते. तिथे शांतता असते, काचेला वारा लागतो, आणि आठ तास कुणी मला आई म्हणत नाही. हे मी तिला कधीही सांगितलं नव्हतं आणि तिला पहिल्यापासून माहीत होतं. मी ओल्या बुटांत पाय घातले. पाणी मोज्यांतून बोटांपर्यंत आलं. फोन खिशातून काढून फळीवर ठेवला, डब्यांशेजारी. नवऱ्याने फोनकडे बघितलं आणि मान हलवली.

मी दोन मजले उतरले आणि वर काहीतरी फुटलं. ताट असावं. मग तिचा आवाज, मग त्याचा, हळू. माझा एक पाय खालच्या पायरीवर आणि एक वरच्या. शेजारचं दार किलकिलं झालं आणि शेजारीण माझ्याकडे बघत राहिली, ही आता वर जाणार की खाली अशा नजरेने. मी खाली गेले. प्रत्येक पावलाला बूट पचपच वाजत होते.

परीक्षेचं मैदान गावाबाहेरच्या रस्त्याला लागून आहे. चारी बाजूंनी जाळीचं कुंपण, मध्ये सरावाची लहान क्रेन, सहा मजल्यांएवढी. काका आधीच आले होते. परीक्षेला सिग्नलमन आपला आणायचा असतो, आणि ज्याचं मनगट माझ्यामुळे मोडलं तोच माझ्यासाठी आला होता. "उजवं मनगट अजून पुरतं वळत नाही. डाव्याने इशारे देईन. चालेल?"

मी हो म्हटलं. ते बुटांकडे बघत होते.

परीक्षकसाहेब पातळ मिशीचे, बोलण्यात काटकसर करणारे. काठोकाठ भरलेलं पाण्याचं पिंप उचलायचं, आठ खांबांच्या मधून न्यायचं, पलीकडे रंगवलेल्या चौकोनात ठेवायचं. वीस मिनिटं. "मध्ये मी काहीही करीन," ते म्हणाले. "तुम्ही तुमचं काम करा."

केबिनमध्ये बसल्यावर आधी खुर्ची पुढे ओढली. मग लिव्हर हातात आले आणि हातांना आपलं काम आठवलं. पिंप उचललं. काकांचा डावा हात, त्यामागे पिंप, बाकी जगात काही नाही. पहिले दोन खांब गेले. तिसऱ्याशी साहेबांनी एका माणसाला डावीकडून पाठवलं आणि तो दोन्ही हात उडवून वर, वर म्हणू लागला. मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तो कंटाळून गेला.

चौथा खांब ओलांडताना कुंपणापलीकडे हिरवं काहीतरी हललं. तो हिरवा स्वेटर मी दुकानातून पारखून आणलेला. पिटू जाळीला लागून उभी होती. पायात घरातल्या चपला. तिने हात पुढे केला, बोट खाली केलं आणि गोल फिरवायला लागली.

खाली. खाली ये.

ती एकटी होती. मागे रस्ता, त्यावरून ट्रक जात होते. जॅकेट कुठेच दिसत नव्हतं. घरी काय झालं असेल, नवऱ्याला काही लागलं असेल का, ताट कुणाच्या अंगावर फुटलं, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. शिडी उतरायला दोन मिनिटंही लागली नसती. पण पिंप हवेत होतं आणि त्याच्या शेजारून काका चालत होते. मी डोळे काकांच्या हातावर आणले. पाचवा खांब.

मग हिरव्या स्वेटरने हात बदलला. हात आडवा, पंजा जमिनीकडे.

मी लिव्हर सोडले. हूक थोडा हलला, पिंपातून पाणी सांडलं. साहेबांनी लगेच काहीतरी लिहिलं. काकांनी मागे वळून बघितलं, मग जाळीपर्यंत चालत गेले, दोन शब्द बोलले, परत आले. चालू कर.

मी चालू केलं. सहाव्या खांबाशी पंजा पुन्हा आडवा. मी पुन्हा हात काढले. या वेळी हूक हलला नाही. काका पुन्हा गेले. थांबलेलं असताना ऑपरेटरने कुठेही बघितलेलं चालतं, म्हणून मी बघितलं, तिच्या मागे, रस्त्यापलीकडे. बसथांब्याच्या छपराखाली नारिंगी जॅकेट होतं. माझा नवरा. तिच्यापासून तीसेक पावलांवर, हात मागे बांधून, काहीही न करता उभा. तो घरातून तिच्या मागोमाग निघाला होता, त्याच बसने आला होता, आणि आता तिच्यावर नजर ठेवून होता. त्याने वर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याची पाळी होती.

रडूच आलं, नाक खांद्याला पुसलं. काकांनी चालू कर म्हटलं आणि मी चालू केलं.

शेवटच्या खांबाशी, चौकोन दहा हातांवर असताना, ती तिसऱ्यांदा थांब म्हणाली. घड्याळात सोळा मिनिटं झाली होती. मी थांबले. काका गेले, आणि या वेळी लवकर आले नाहीत. सतरा. अठरा. एकोणीस. तिचा हात आडवाच होता, आता कोपरापासून थरथरत. मी हात मांडीवर ठेवून बसले होते आणि मला एक गोष्ट कळली, की मला तिचा राग आलेला नव्हता. तिने मला थांबवलं होतं, मी थांबले होते. पण उतरले नव्हते. या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मला पंधरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी जाळीतून बोटं घालून काहीतरी म्हटलं. हळूहळू तिचा हात खाली आला.

मी पिंप चौकोनात ठेवलं. बावीस मिनिटं.

खाली उतरल्यावर साहेब कागदाकडे बघत म्हणाले, "पहिल्यांदा थांबलात तेव्हा हूक हलला. दोन मार्क गेले."

"आणि वेळ?"

"थांबलेला वेळ मी धरत नाही. थांबायलाच तर शिकवतो आम्ही." त्यांनी सही केली. "ती कोण मुलगी?"

"माझी."

त्यांनी जाळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खाली ये म्हणत होती, तेव्हा नाही आलात."

"तो इशारा तिचा नव्हता."

साहेबांनी मान हलवली आणि लायसन माझ्या हातात दिलं. पूर्वी मी असल्या वेळी धावत कुंपणाशी गेले असते. आज मी बाकावर बसले, बूट काढले, मोजे पिळले. काकांनी मशीनची कॉफी आणून दिली. मी ती सगळी प्यायले, अगदी शेवटच्या घोटापर्यंत. पिटू जाळीतून बघत होती. कॉफी गरम होती आणि पाय गार पडले होते.

"तिसऱ्या वेळी एवढा वेळ काय बोलत होतात?" मी काकांना विचारलं.

"नियमाप्रमाणे विचारलं. काय दिसलं? म्हणाली, काही नाही. मग विचारलं, धोका कुणाला?" काकांनी मनगट चोळलं. "म्हणाली, मला."

मी रिकामा कप बाकावर ठेवला.

"मग मी म्हटलं, बाळ, लोड कुंपणाच्या आत आहे आणि तू बाहेर. वर जी बसली आहे तिचा हात मी अकरा वर्षं बघतोय. तुझ्यावर काही पडणार नाही. बराच वेळ बघत राहिली माझ्याकडे. मग घेतला हात खाली."

मी बूट चढवले आणि जाळीपाशी गेले. जवळून ती दमलेली दिसत होती. एका चपलेचा अंगठा तुटला होता. रस्त्यापलीकडे नवरा जागेवरून हलला नाही.

"तीनदा थांबवलं," पिटू म्हणाली.

"तीनदा थांबले."

"खाली नाही आलीस."

"नाही आले."

तिने जाळीत बोटं अडकवली. "पास झालीस?"

"झाले."

"म्हणजे पुन्हा वर."

"सोमवारपासून. आणि फोन घरी राहील."

ती माझ्या बुटांकडे बघत होती. मला वाटलं आता भडका उडेल, आणि मी मनातल्या मनात पाय घट्ट रोवले. तिने फक्त नाक ओढलं.

"मी आता बाजारापर्यंत चालत जाणार आहे," मी म्हटलं. "मला भूक लागलीय. एकटी बसून जेवणार, मग घरी येऊन झोपणार. तू बाबांबरोबर जा. आठनंतर मी आहे."

मी वळले. चार पावलं गेले असेन, आणि काय वाटलं कोण जाणे, मागे बघितलं. जाळीपलीकडे तिचा हात आडवा होता. पंजा जमिनीकडे.

मी थांबले. काका लांब होते, म्हणून मीच विचारलं.

"काय दिसलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. हात तसाच, लहानपणी मला अधांतरी धरायला लावायची तसा. मी उभी राहिले. घाई केली नाही, जवळही गेले नाही. एक ट्रक गेला, दुसरा गेला.

मग तिने हात खाली घेतला.

"काही नाही," ती म्हणाली. "चालू कर."